वीस ग्राहक, वीस कॉप्या: सॉफ्टवेअरचं कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट सुरू कुठून करायचं?

कुडाळकरीण | ८ ऑक्टोबर २०२५, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. मी गेल्या महिन्यात कुडाळला एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत रुजू झाले. काजू कारखाने आणि आंबा-कोकम प्रक्रिया करणारे लघुउद्योग यांच्यासाठी खरेदी, साठा आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर करणारी आम्ही पाच माणसं. ग्राहक वीसेक, वेंगुर्ल्यापासून देवगडपर्यंत पसरलेले.

अडचण अशी आहे. २२ सप्टेंबरला जीएसटीचे दर बदलले. जॅम, फळांच्या रसाची पेयं १२ टक्क्यांवरून ५ वर आली. बदल म्हणाल तर एका आकड्याचा. पण काही ग्राहकांकडे हा दर टेबलमध्ये आहे, काहींकडे थेट कोडमध्ये लिहिलेला आहे, आणि कुणाकडे काय आहे हे ऑफिसात कुणालाच खात्रीने सांगता येईना. शेअर्ड ड्राइव्हवर ‘फायनल’, ‘फायनल_मालवण’, ‘फायनल_नवीन_चालू’ अशी फोल्डरं आहेत. नवा ग्राहक आला की आधीचं फोल्डर कॉपी करायचं आणि त्याला हवे ते बदल करून द्यायचे, अशी पद्धत पडली आहे. एका फोल्डरातली दुरुस्ती दुसऱ्यात पोचत नाही.

साहेब म्हणतात, गिट (कोडमधल्या प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवणारं टूल) टाकूया, प्रश्न मिटेल. गिट मी कॉलेजपासून वापरते आहे, पण मला हा प्रश्न त्याहून मोठा, कॉन्फिगरेशन मॅनेजमेंटचा वाटतो, म्हणजे कुठे कोणतं व्हर्जन आहे आणि त्यात काय बदललं याचा हिशोब ठेवण्याचा. ज्यांनी प्रत्यक्ष हे काम केलंय त्यांनी सांगा, एवढ्याशा टीमने सुरुवात कुठून करावी?

कोडभट | ८ ऑक्टोबर, ९:३२

साहेब बरोबर बोलतायत. गिट टाका, सगळ्यांना रोज कमिट करायची, म्हणजे बदल गिटमध्ये नोंदवायची, सवय लावा. पुस्तकी व्याख्यांच्या मागे लागू नका.

मालवणी_गडी | ८ ऑक्टोबर, ९:४०

माका वाटता, पयली ‘फायनल’ ह्या शब्दारच बंदी घालूक व्हयी. :)

रत्नांग्रीची_टेस्टर | ८ ऑक्टोबर, १०:०५

कोडभट, अर्धंच पटलं. तुमच्या रिपॉझिटरीत, म्हणजे गिटमधल्या कोडच्या साठ्यात, काय आहे ते गिट सांगेल. पण वेंगुर्ल्याच्या कारखान्यातल्या त्या एका कॉम्प्युटरवर आत्ता काय चालू आहे ते गिटला कुठून कळणार? आणि कुडाळकरणीला २२ सप्टेंबरला नेमकं तेच कळायला हवं होतं.

मी टेस्टिंग करते, त्यामुळे माझा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो: मी तपासतेय ते नेमकं कोणतं व्हर्जन? ‘कालचंच आहे गं’ हे उत्तर मी घेत नाही. आमच्याकडे प्रत्येक बिल्डमध्ये (कोडपासून तयार केलेल्या प्रोग्रॅममध्ये) व्हर्जन क्रमांक आणि ज्या कमिटपासून ते बनलं त्याचा आयडी, दोन्ही आपोआप घातले जातात. लॉगिनच्या स्क्रीनवर खाली बारीक अक्षरात ते दिसतात. ग्राहकाचा फोन आला की आधी तो क्रमांक वाचायला सांगायचा. ताई, बाकी काही जमलं नाही तरी हे उद्याच्या उद्या करा. खर्च शून्य.

नुसतं टूल असून भागत नाही याचं एक मोठं उदाहरण सांगते. १ ऑगस्ट २०१२, अमेरिकेतली नाइट कॅपिटल ही शेअर दलाली करणारी कंपनी. नवा कोड आठ सर्व्हरवर टाकायचा होता. एका सर्व्हरवर टाकायचा राहिला. नव्या कोडने एक जुना फ्लॅग (चालू-बंदची खूण) नव्या कामासाठी वापरला होता. जुन्या सर्व्हरवर तोच फ्लॅग लागला आणि कित्येक वर्षं न वापरलेला कोड तिथे जागा होऊन ऑर्डरी सोडत सुटला. पाऊण तासात ४४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झालं. आठही ठिकाणी एकच व्हर्जन आहे ना, हे बाजार उघडण्याआधी तपासण्याची लेखी पद्धत तिथे नव्हती.

ड्रॉइंग_ऑफिस | ९ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

कुडाळकरीण, तुझा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. मी निवृत्त झालोय, अलिबागला असतो. नोकरी जहाजबांधणीत झाली, आधी ड्रॉइंग ऑफिस आणि नंतर गुणवत्ता विभाग. हा विषय सॉफ्टवेअरमध्ये जन्मलेला नाही. तो विमानं, क्षेपणास्त्रं आणि जहाजं बांधणाऱ्यांकडून तुमच्याकडे आला.

एकाच वर्गाची चार जहाजं बांधली तरी काही वर्षांत ती चार वेगळी जहाजं होतात. एकाला पंप बदलला, दुसऱ्याची केबल वेगळ्या मार्गाने नेली. म्हणून प्रत्येक जहाजाची स्वतःची ‘ॲज फिटेड’ ड्रॉइंगं ठेवावी लागतात. आत प्रत्यक्ष काय बसवलंय ते त्यांत असतं. मूळ डिझाइनचा कागद हातात घेऊन तुम्ही त्या जहाजात दुरुस्तीला उतरलात तर भलतीच पाइप कापाल.

सॉफ्टवेअरसाठी आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेचं ८२८ हे मानक १९८३ मध्ये आलं आणि नंतर सुधारत गेलं. त्यामागचा विचार साधा आहे. पहिलं काम ओळख पटवण्याचं. आपल्या ताब्यात कोणत्या वस्तू आहेत ते ठरवून प्रत्येकीला नाव आणि क्रमांक द्यायचा. इथेच बहुतेकांची गफलत होते, कारण ते फक्त कोड मोजतात. डेटाबेसची रचना, रिपोर्टचे नमुने, इन्स्टॉलर, कंपायलरचं (कोडचा प्रोग्रॅम बनवणाऱ्या टूलचं) व्हर्जन, बाहेरून घेतलेल्या लायब्रऱ्या (तयार कोडचे संच), ग्राहकाची सेटिंग फाइल, माहितीपुस्तिका, टेस्टच्या केसेस हे सगळं त्यात येतं. यातली एखादी गोष्ट बदलली आणि त्यामुळे ग्राहकाकडे फरक पडला, तर ती यादीत हवी.

दुसरं नियंत्रण. मान्य झालेल्या अवस्थेला बेसलाइन म्हणतात. तिच्यात बदल करायचा तर कुणी मागितला, का मागितला, त्याने आणखी कशाला धक्का लागतो हे पाहून कुणीतरी जबाबदार माणसाने हो किंवा नाही म्हणायचं. तिसरी स्थितीची नोंद: कोणतं व्हर्जन कुठे आहे, कोणता बदल कुठवर पोचलाय. चौथी पडताळणी: नोंदीत जे लिहिलंय आणि प्रत्यक्षात जे आहे ते जुळतं का.

तुमच्या साहेबांचं गिट यातल्या पहिल्याचा मोठा भाग आणि दुसऱ्याचा काही भाग उत्तम सांभाळेल. तिसरं आणि चौथं माणसांनाच करावं लागेल. माझ्या अनुभवात तिसरं सगळ्यात दुर्लक्षित असतं, आणि तुझा प्रश्न तिसऱ्याचाच आहे.

खाडीपलीकडे | ९ ऑक्टोबर, ८:५०

कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट म्हणजे अँसिबल, पपेट वगैरे टूल्स ना?

रत्नांग्रीची_टेस्टर | ९ ऑक्टोबर, ९:०२

@खाडीपलीकडे, ती शाखा सर्व्हरची. अनेक मशिनं एकसारखी ठेवायची, त्यांची हवी ती अवस्था फाइलमध्ये लिहून ठेवायची. नाव तेच, नातंही जवळचं. इथे बोलणं चाललंय ते आपण बनवतो त्या मालाबद्दल.

आडगावचा_डेव्ह | ९ ऑक्टोबर, दुपारी १:२०

काका, प्रतिसाद आवडला, पण पाच माणसांत बदलांना कसली मंजुरी? मी पुण्यात असताना एका मोठ्या प्रकल्पावर हे पाहिलंय. बटणाचा रंग बदलायला तीन सह्या. लोक शेवटी सह्या चुकवायचे मार्ग शोधतात आणि मग नोंद आणखीच खोटी होते. छोट्या टीमला एवढं ओझं घातलंत तर महिन्याभरात सगळं बासनात जाईल.

ड्रॉइंग_ऑफिस | ९ ऑक्टोबर, २:४५

आडगावच्या दादा, तीन सह्या मीही सांगणार नाही. पाच जणांत एक माणूस पुरे. फक्त तो ठरलेला असावा आणि त्याच्या होकाराखेरीज ग्राहकाकडे काही जाऊ नये. सोमवारी सकाळी अर्धा तास बसा, आठवड्यात आलेल्या मागण्या वाचा, ठरवा, लिहून ठेवा.

कुडाळकरीण | ९ ऑक्टोबर, रात्री ९:३०

काका, हे ‘नाही’ म्हणणंच इथे सगळ्यात अवघड आहे. ग्राहक ऑफिसला फोन करत नाहीत. ते थेट आमच्या सिनियर दादाला करतात, कारण कुणी त्याच्या मामाचे मित्र, कुणी शाळेतले सर. ‘अरे बाबू, त्या बिलावर गोणीचं वजन वेगळं दिसूदे रे’ म्हटलं की दादा रात्री घरून जोडणी करून बदल करून देतो. त्याच्या मनात खरंच मदतच असते. पण तो बदल कुठल्याच फोल्डरात नसतो, फक्त त्या ग्राहकाच्या मशिनवर असतो.

राजापूरची_पतपेढी | १० ऑक्टोबर, सकाळी ११:१०

मी सॉफ्टवेअरवाली नाही. एका पतसंस्थेत लेखनिक आहे, तेव्हा दुसऱ्या बाजूने लिहिते.

आमचा सॉफ्टवेअरवाला असाच दुरून जोडून बदल करतो. एकदा संध्याकाळी त्याने काहीतरी केलं आणि दुसऱ्या दिवशी मुदतठेवीच्या व्याजात पैशांचा फरक दिसायला लागला. ठेवीदार वयस्कर, त्यांना एक रुपया इकडेतिकडे झाला तरी कळतो. काउंटरवर उत्तर मी द्यायचं. विचारल्यावर तो म्हणाला, राउंडिंग सुधारलंय. कदाचित नवीनच बरोबर असेल. पण मला आधी कळायला हवं होतं, आणि ते कोणत्या तारखेपासून लागू हेही. लेखापरीक्षक विचारतात तेव्हा मी काय दाखवू?

मोठं काही नको. मराठीत एक पान द्या: काय बदललं, का बदललं, कधीपासून, आणि कुणाच्या सांगण्यावरून. मी ते फाइलला लावीन.

रत्नांग्रीची_टेस्टर | १० ऑक्टोबर, ११:४०

पतपेढीताई, तुमचं हे एक पान आमच्या सगळ्या प्रक्रियेतला सगळ्यात महत्त्वाचा कागद आहे. कुडाळकरीण, सिनियर दादाला ‘करू नको’ म्हणण्याऐवजी ‘हे एक पान लिहिल्याशिवाय करू नको’ म्हणून बघ. मदत थांबत नाही आणि नोंदही राहते.

जुनी_रीळ | १० ऑक्टोबर, सायंकाळी ६:२०

थोडा इतिहास, कारण तो वर चाललेल्या बोलण्याशी जुळतोय. व्हर्जन सांभाळणारं पहिलं नावाजलेलं टूल एससीसीएस. बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी ते १९७२ मध्ये सुरू केलं. पुढे वॉल्टर टिची यांचं आरसीएस, त्यावर उभं राहिलेलं सीव्हीएस, २००० च्या दशकात सबव्हर्जन. एप्रिल २००५ मध्ये लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम बनवणाऱ्या मंडळींना बिटकीपर हे टूल फुकट मिळायचं बंद झालं, तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट लिहिलं. मर्क्युरिअल या तशाच टूलचा जन्मही त्याच महिन्यातला.

मला थक्क करते ती एससीसीएसमधली एक जोड. कोडमध्ये एक विशिष्ट खुणेचा मजकूर घालायचा, तो बनलेल्या प्रोग्रॅममध्येही जायचा, आणि ‘व्हॉट’ नावाची कमांड त्या प्रोग्रॅमवर चालवली की आत कोणत्या फाइलचं कोणतं व्हर्जन आहे ते छापून यायचं. टेस्टरताई लॉगिन स्क्रीनवर जे दाखवतायत तीच गरज त्या लोकांनी पन्नास वर्षांपूर्वी ओळखली होती. पुढच्या टूल्सनी साठवण उत्तम केली, पण गावोगावच्या मशिनवर काय बसलंय हा प्रश्न ज्याचा त्याच्यावर राहिला.

मालवणी_गडी | १० ऑक्टोबर, ७:०५

गिटचो एक गुण कोणीच सांगूक नाय. आमच्याकडे पावसात नेट चार-चार दिस येणा नाय. सबव्हर्जनात सर्व्हर नाय तर कमिट नाय. गिटात सगळो इतिहास आपल्याच लॅपटॉपात. कमिट करीत रव्हायचा, नेट इला काय ढकलायचा.

वाशिष्ठीकाठ | ११ ऑक्टोबर, सकाळी १०:००

त्या गुणाचा दुसरा फायदा आम्ही चिपळूणकर सांगू शकतो. २२ जुलै २०२१ च्या पुरात बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत पाणी होतं. ओळखीच्या एका ऑफिसात सर्व्हर तळमजल्यावर होता, तो गेला. पण त्यांचा एक मुलगा घरून काम करत होता. त्याच्या लॅपटॉपवर गिटची पूर्ण प्रत होती, सगळ्या इतिहासासकट. कोड वाचला.

पुढचं ऐका. कोड हातात असून त्यांना बिल्ड करता येईना. रिपोर्ट छापणारा घटक जुन्या व्हर्जनचा होता, त्याचा इन्स्टॉलर फक्त बुडालेल्या मशिनवर होता, आणि तो बनवणाऱ्या कंपनीकडे ते व्हर्जन आता मिळत नव्हतं. नव्या व्हर्जनवर अर्धे रिपोर्ट मोडले. ड्रॉइंग ऑफिस काकांची लांबलचक यादी मला म्हणूनच पटते. कोड हा त्यातला एक भाग. रिकाम्या मशिनवर, नुसती रिपॉझिटरी आणि यादीतल्या वस्तू घेऊन, ऑफिसातल्या दुसऱ्या माणसाला तेच सॉफ्टवेअर उभं करता आलं पाहिजे. वर्षातून एकदा, जूनच्या आधी, हे करून बघाच.

कोडभट | ११ ऑक्टोबर, १२:१५

वाशिष्ठीकाठ यांचा मुद्दा बिनतोड आहे. बाहेरच्या लायब्रऱ्यांचं तर विशेषच. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज लेखकाने एनपीएम या पॅकेजांच्या सार्वजनिक साठ्यावरून काढून घेतलं आणि जगभरचे बिल्ड अडले. लॉक फाइल रिपॉझिटरीत ठेवाच, म्हणजे प्रत्येकाकडे नेमकी तीच व्हर्जनं येतात. आणि महत्त्वाच्या लायब्रऱ्यांची प्रत स्वतःकडेही असू द्या.

आणखी एक: डेटाबेसचे पासवर्ड गिटमध्ये घालू नका. एकदा कमिट झाला की पुढच्या कमिटात पुसला तरी इतिहासात राहतो. सेटिंग फाइलचा रिकामा नमुना ठेवा, खरी फाइल बाहेर.

मुळात माझं म्हणणं एवढंच की सुरुवात गिटने करा. शेवटही तिथेच, असं नाही.

आडगावचा_डेव्ह | ११ ऑक्टोबर, ३:३०

मग प्रत्येक ग्राहकाची गिटमध्ये एक शाखा (ब्रांच, म्हणजे कोडची समांतर प्रत) काढायची का? वीस ग्राहक, वीस ब्रांच. फोल्डरांपेक्षा बरं.

गाडी_वेळेवर | ११ ऑक्टोबर, ४:१०

नको, नको! वीस ब्रांच म्हणजे तीच वीस फोल्डरं. कोकण रेल्वे बघा. पावसाळ्यात तिचं वेळापत्रक बदलतं, पूर्वी १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं, यंदा १५ जून ते २० ऑक्टोबर. रूळ तेच, गाड्या त्याच. फरक एका कागदात आणि त्यावर लागू असण्याच्या तारखा. पावसाळ्यासाठी कुणी वेगळी मांडवी एक्सप्रेस बांधत नाही.

तसाच कोड एक ठेवा. ग्राहकागणिक जे बदलतं ते, म्हणजे गोणीचं वजन दाखवायचं की नाही, बिलाचा नमुना, कराचा दर, सेटिंगमध्ये काढा. आणि दराला ‘कधीपासून कधीपर्यंत’ अशा दोन तारखा लावा. २२ सप्टेंबरचा दर घालताना जुना दर पुसायचा नाही, कारण २१ तारखेच्या बिलाची प्रत पुन्हा छापली तर तिच्यावर १२ टक्केच दिसायला हवेत.

खाडीपलीकडे | ११ ऑक्टोबर, ४:२५

मांडवीतल्या वड्यांचा पण बेसलाइन ठरवायला हवा, हल्ली आकार बदललाय. :)

आडगावचा_डेव्ह | ११ ऑक्टोबर, ५:००

गाडी_वेळेवर, पटलं. पण सगळंच सेटिंगमध्ये काढलं तर सेटिंगच दुसरा प्रोग्रॅम होतो, आणि टिक करायच्या शंभर चौकटींची सगळी जुळणी तपासणार कोण?

रत्नांग्रीची_टेस्टर | ११ ऑक्टोबर, ५:२०

कुणीच तपासू शकत नाही. म्हणून प्रत्येक ग्राहकाची सेटिंग फाइलसुद्धा व्हर्जनमध्ये ठेवायची, आणि मी टेस्ट करायची ती प्रत्यक्षात असलेल्या त्या वीस जुळण्यांवर. आणि दोन ग्राहकांचीच मागणी असेल तर सोमवारच्या बैठकीत ‘हे सगळ्यांनाच देऊया का’ असंही विचारावं. बरेचदा उत्तर हो असतं आणि एक चौकट वाचते.

ड्रॉइंग_ऑफिस | १२ ऑक्टोबर, सकाळी ७:४०

चौथ्या गोष्टीबद्दल, पडताळणीबद्दल, फारसं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड युटिल्स या लिनक्सवरच्या फाइल आक्रसणाऱ्या टूलमध्ये चोरदरवाजा सापडला, ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनांत. तो चालू करणारा बिल्ड स्क्रिप्टचा तुकडा सार्वजनिक गिट रिपॉझिटरीत नव्हता, तो वाटपाच्या गठ्ठ्यात घातलेला होता. रिपॉझिटरी वाचणाऱ्याला तो दिसलाच नसता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्ध्या सेकंदाच्या आसपास जास्त वेळ लागतोय हे खटकलं आणि त्यातून ते उघडकीला आलं.

जे बांधलं आणि जे पाठवलं ते एकच आहे का, हे वस्तू हातात घेऊन तपासणं याला आमच्याकडे फिजिकल ऑडिट म्हणत. कुडाळकरीण, तुझी सुरुवात इथून कर. आधी ग्राहकांकडे काय आहे ते गोळा कर, मग नवी पद्धत बसव.

कुडाळकरीण | १६ ऑक्टोबर, रात्री १०:००

सगळ्यांचे मनापासून आभार. काय चाललंय ते सांगते.

काकांचं ऐकून आधी गोळा करायला घेतलं. प्रत्येक ग्राहकाकडून एक्सई (चालणारी प्रोग्रॅम फाइल), सेटिंग फाइल आणि डेटाबेसची रिकामी रचना मागवली. विंडोजवरच्या सर्टयुटिल कमांडने प्रत्येक एक्सईचा शा-२५६ हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठसा, काढला. हॅश जुळला की फाइल तीच. काही ग्राहकांचे गट लगेच पडले. बाकीच्यांत मात्र कोड एकच असूनही हॅश वेगळे आले, कारण कंपायलर बिल्डची वेळ आत लिहितो. तिथे मेनू आणि रिपोर्ट उघडून बघावे लागतायत. एक्सईपासून मूळ कोडचं फोल्डर शोधणं हे सगळ्यात वेळखाऊ काम आहे, पण यादी भरत चालली आहे.

साहेबांना ती यादी दाखवली. वेंगुर्ला, परुळे, आचरा, देवगड अशी नावं आणि पुढे कुठे कोणता कोड, दर कुठे लिहिलेला. त्यांनी ती छापून टेबलाच्या काचेखाली ठेवलीय. गिटही आलंय, सगळ्यात जास्त ग्राहकांकडे जे आहे त्याला पहिला टॅग (नावाची खूण) लावला, तीच आमची बेसलाइन. लॉगिन स्क्रीनवर क्रमांक पुढच्या बिल्डपासून दिसेल. सिनियर दादाने ‘एक पान’ मान्य केलंय, पण म्हणाला नमुना तूच बनव. पतपेढीताई, तुमचे चार प्रश्न जसेच्या तसे घेतलेत.

आता एक अडलंय. कोड एक केला तरी डेटाबेसची रचना प्रत्येकाची वेगळी आहे. कुणाकडे गोणीच्या वजनाचा रकाना आहे, कुणाकडे नाही. ते कसं एका रेषेत आणायचं?

जुनी_रीळ | १६ ऑक्टोबर, १०:४०

रचनेतला प्रत्येक बदल एका क्रमांकित स्क्रिप्टमध्ये लिहा, ००१, ००२ असं. स्क्रिप्ट गिटमध्ये. प्रत्येक ग्राहकाच्या डेटाबेसमध्ये एक छोटं टेबल ठेवा, त्यात कोणती स्क्रिप्ट कधी चालली ते नोंदलेलं. सॉफ्टवेअर सुरू होताना ते टेबल बघेल आणि राहिलेल्या स्क्रिप्ट क्रमाने चालवेल. एकदा बाहेर गेलेली स्क्रिप्ट पुन्हा बदलायची नाही. चुकलं असेल तर पुढच्या क्रमांकाची नवी लिहायची.

आजच्या वेगवेगळ्या रचनांसाठी, तुमच्या बेसलाइनला ००१ माना आणि प्रत्येक गटाला तिथवर आणणारी एकेक वेगळी स्क्रिप्ट लिहा. ती एकदाच चालणार.

रत्नांग्रीची_टेस्टर | १६ ऑक्टोबर, १०:५५

आणि ती एकदाच चालणारी स्क्रिप्ट आधी ग्राहकाच्या बॅकअपच्या प्रतीवर चालवा. चालवण्याआधी आणि नंतर एकूण साठा आणि एकूण बिलांची बेरीज जुळते का पाहा. काजूच्या हंगामाला अजून अवकाश आहे, दिवाळीनंतर एका गटापासून सुरू करा.

कुडाळकरीण | १६ ऑक्टोबर, ११:१०

आचऱ्यापासून करते, तिथे डेटा सगळ्यात कमी आहे. बेरजा जुळल्या की इथे लिहीन.